कॅल्क्युलेटर कोणी उघडला? देवगडच्या एका आंबा-हिशेबाच्या फाईलचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, या प्रकरणात हॅकर नाही, कोणाचे पैसे गेले नाहीत, पोलीस-बिलीस काही नाही. जे काय झालं ते मी स्वतः लिहिलेल्या चार ओळींमुळे झालं, दोन ओळी डेटा सेव्ह करायच्या आणि दोन तो परत उघडायच्या. त्या चार ओळी पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) शिकणारा माणूस कधी ना कधी लिहितोच म्हणून जरा पसरट लिहितोय, कंटाळा आला तर मधला यॅमलचा (सेटिंग लिहायच्या एका फॉरमॅटचा) भाग तेवढा वाचा, माझी सगळ्यात जास्त शोभा तिथे झालीय.

तर गाव देवगड तालुक्यातलं. आमच्या वाडीतले काही बागायतदार गाडी एकत्र भरतात, दलाल मात्र वाशीला ज्याचा त्याचा वेगळा. मार्च लागला की मांगरात पेंढा, पेट्या, खिळे, पट्ट्या मारायचा आवाज आणि रात्री दहा वाजता अण्णांची वही. अण्णा म्हणजे माझे चुलते. वहीत काय असायचं, तर कुठल्या बागेतून किती पेट्या, त्यात चार डझनी किती, पाच डझनी किती, कुठल्या तारखेच्या गाडीने गेल्या, कोणाकडे गेल्या, आणि मग पट्टी (दलालाचा हिशेबाचा कागद) आली की भाव किती लागला, हमाली-तोलाई-भाडं जाऊन हातात किती उरले. मी म्हटलं अण्णा मी याचा प्रोग्राम लिहून देतो. लिहिला पण, आणि चांगला चालत होता हो, उगाच नावं ठेवायला नको.

आत पेटी, गाडी आणि पट्टी असे तीन क्लास (माहितीचे साचे) होते आणि सगळा सीझन एका डिक्शनरीत, तिची की (key, म्हणजे जिच्यावरून नोंद शोधायची ती खूण) म्हणजे तारीख आणि बागेचा नंबर यांची जोडी. सेव्ह करायला पिकल, म्हणजे वस्तू फाईलमध्ये ठेवायची पायथॉनची स्वतःची सोय. का, तर पिकलला काही विचारावं लागत नाही, तारीख असो, टपल (एकत्र बांधलेल्या किमती) असो, स्वतःचा क्लास असो, डंप म्हटलं की गेलं फाईलमध्ये, लोड म्हटलं की जसंच्या तसं परत. आंब्याच्या हिशेबाला लोणच्याची बरणी यावरून घरी बरेच विनोद झाले, ते सोडतो.

दुसऱ्या सीझनला बाकीच्यांना पण प्रोग्राम हवा झाला. चौघांकडे लॅपटॉप होते, त्यांच्यावर टाकून दिला, आणि मी एक बटण वाढवलं, 'दुसऱ्याची फाईल जोडा'. रात्री प्रत्येकाने आपली फाईल व्हॉट्सॲपवर नाहीतर पेनड्राइव्हवर अण्णांकडे द्यायची, वहिनी ती जोडणार, आणि गाडीभाडं कोणाच्या वाट्याला किती ते निघणार. खरी गडबड या बटणापासून सुरू झाली. तोपर्यंत फाईल माझीच होती, मीच लिहायचो मीच वाचायचो. बटण आल्यावर फाईल बाहेरून यायला लागली आणि माझ्या डोक्यात हा फरक पडलाच नाही.

त्याआधी दोन इशारे मिळाले होते, दोन्ही मी गिळले.

पहिला असा की एप्रिलमध्ये वारा सुटला, लाईट गेली, अण्णांच्या लॅपटॉपची बॅटरी तशीही नावाला होती, आणि ती नेमकी सेव्ह होत असताना गेली. लाईट आल्यावर प्रोग्राम उघडला तर एरर, डेटा मधेच तुटलाय. कारण अगदी साधं, फाईल लिहायला उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, नवा जेवढा लिहून झाला तेवढाच राहतो. आदल्या रात्रीची कॉपी होती, एका दिवसाचं परत भरलं. ती तुटकी फाईल मी 'तुटकी' नावाने बाजूला ठेवली, तिच्याकडे शेवटी येतो.

दुसरा इशारा पुढच्या वर्षी. मला वाटलं कोड जरा नीट करावा, म्हणून क्लासची नावं बदलली, सगळं एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या वेगळ्या फाईलमध्ये) नेलं. मग अण्णांनी मागच्या वर्षीचे आकडे मागितले आणि मी फाईल उघडतो तर पायथॉन म्हणतो असं मॉड्यूलच नाही. अण्णा शेजारीच बसलेले.

"गेल्या वर्साचो हिशेब खय गेलो रे?"

हिशेब फाईलमध्येच होता पण पिकलने त्यात क्लासचा पत्ता लिहिलेला, अमुक मॉड्यूलमधला तमुक क्लास, आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं. मी जुना कोड परत आणून वेळ मारून नेली. तेव्हाच विचार करायला हवा होता की डेटाच्या फाईलमध्ये कोडचा पत्ता कशाला, आणि फाईल जर सांगत असेल की या पत्त्यावर जा, तर ती दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर पाठवू शकेल की. नाही केला.

मग मे महिन्यात भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आंबे खायला येतो आणि आल्यासरशी माझ्या लॅपटॉपवर बसतो. कोड बघून म्हणाला, "मामा, हे दुसऱ्यांच्या फाईली तू पिकल लोडने उघडतोस?" मी म्हटलं हो, सगळे घरचेच लोक आहेत. तो काही बोलला नाही, रात्री मला व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली, नाव नेहमीसारखंच, सीझन आणि तारीख. मी अण्णांच्या लॅपटॉपवर ती जोडली. पेट्या बरोबर आल्या, बेरीज बरोबर आली, गाडीभाडं वाटलं गेलं, आणि खिडकीच्या मागे विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडून बसला होता.

अण्णा म्हणाले, "ह्यो कॅल्क्युलेटर कोणी उघडल्यान?"

मला घाम फुटला तो कॅल्क्युलेटरमुळे नाही, हिशेब बरोबर आला त्यामुळे. एरर आली असती तर निदान कळलं असतं की काहीतरी चुकलंय. इथे काम झालं आणि वर जास्तीचं पण एक काम झालं, कोणाला विचारलं नाही, आणि कॅल्क्युलेटरच्या जागी कागदपत्रांचं फोल्डर पुसणारी ओळ असती तरी गाडीभाडं असंच बरोबर वाटलं गेलं असतं.

भाच्याने ती फाईल मुद्दाम पिकलच्या जुन्या शून्य नंबरच्या प्रोटोकॉलमध्ये (लिहायच्या पद्धतीत) बनवली होती, तो साध्या अक्षरांत असतो त्यामुळे नोटपॅडमध्ये दिसतो. सुरुवातीच्या तीन-चार ओळी त्याने बोट ठेवून वाचून दाखवल्या. पहिलं अक्षर लहान सी, त्याला चिकटून ओएस, खालच्या ओळीवर सिस्टिम. सी म्हणजे हुकूम, की ओएस मॉड्यूलमध्ये जा आणि सिस्टिम नावाचं, कॉम्प्युटरला कुठलीही आज्ञा देणारं फंक्शन घेऊन ये. मग उघडा कंस, म्हणजे इथे खूण कर. मग मोठा एस आणि अवतरणात कॅल्क्युलेटरचं नाव, म्हणजे ही स्ट्रिंग (मजकूर) ढिगावर ठेव. मग लहान टी, खुणेपासून वरचं सगळं बांधून टपल कर. मग मोठा आर, आणलेलं फंक्शन या सामानासकट चालव. शेवटी शून्य, म्हणजे जे काय उत्तर आलं ते फेकून दे. आणि त्याच्या पुढे आमचा खरा हिशेब, जसाच्या तसा. एवढंच.

म्हणजे पिकल फाईल हा डेटा नसतोच, छोटासा प्रोग्राम असतो. पायथॉनमध्ये एक बारकं स्टॅक मशीन (ढिगावर ठेवत-उचलत काम करणारं यंत्र) बसलेलं आहे, फाईल त्याला एकेक हुकूम देत जाते आणि हुकूम पाळत पाळत शेवटी जी वस्तू तयार होते ती तुम्हाला मिळते. पिकल लोड म्हणजे वाचणं नव्हे, चालवणं. आणि ही काही लपवलेली गोष्ट नाही, पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पिकलच्या पानावर वरच चौकटीत लिहिलंय की हे सुरक्षित नाही, विश्वासाचा डेटा असेल तरच उघडा. मी ती चौकट कमीत कमी दहा वेळा बघितली असेन, चहाच्या कपावरची सूचना बघतात तशी.

अण्णांना समजावताना माझीच जास्त समजूत पटली. मी म्हटलं फाईल उघडली की फाईल सांगेल ते कॉम्प्युटर करतो. ते म्हणाले, "मेल्या, कोणाची पण पेटी इली की आधी वरचो पेंढो काढून बघूचो, मगे मोजूची. तू तर पेटीकच सांगतंस, तुझी तूच उघड." याच्यापेक्षा चांगलं वर्णन मला अजून कुठे सापडलेलं नाही.

आणि घरचे लोक आहेत हा माझा मुद्दा किती पोकळ होता तेही तेव्हा लक्षात आलं. माणूस घरचा असतो, त्याचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला असतो. विश्वास माणसावर आहे का हा प्रश्नच नव्हता, ही फाईल त्या माणसाच्या प्रोग्रामनेच लिहिली आणि मधे कोणी हात लावला नाही हे मला सिद्ध करता येतं का, हा प्रश्न होता, आणि उत्तर नाही असं होतं.

हे दुखणं पायथॉनचं एकट्याचं नाही बरं का. वस्तू फाईलमध्ये ठेवणं म्हणजे सीरियलायझेशन, परत उघडणं म्हणजे डीसीरियलायझेशन, आणि इतर भाषांतलं बघा, जावाचं ऑब्जेक्ट सीरियलायझेशन, पीएचपीचं अनसीरियलाइझ, रुबीचं मार्शल, सगळ्यांना हेच झालेलं आहे. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेच्या २०१७ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत असुरक्षित डीसीरियलायझेशनला स्वतःचा नंबर होता, मायक्रोसॉफ्टने डॉटनेट ९ मध्ये बायनरीफॉर्मॅटर (त्यांचं पिकल) असा केला की वापरला की एररच येते, आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीने २०१९ मध्ये लोड करताना पिकलला डिफॉल्टने मनाई केली, एआय मॉडेलं बनवायच्या पायटॉर्चने २.६ पासून मॉडेलच्या फाईलीतून डिफॉल्टने फक्त वेट्स (मॉडेलचे आकडे) घ्यायचं ठरवलं. मोठमोठ्यांना इतकी वर्षं लागली त्यामुळे मला फार लाज वाटून घ्यायची नाही असं मी ठरवलंय.

आता उपाय. आळस सगळ्यात आधी सुचतो, म्हणून पहिला विचार हा की पिकल ठेवायचं पण दारात पहारेकरी बसवायचा. अनपिकलरचा (पिकल उघडणाऱ्याचा) आपला क्लास करून फाईंड क्लास ही मेथड बदलायची आणि सांगायचं की माझे तीन क्लास आणि तारीख सोडून दुसरं कोणी मागितलं तर हाकलून दे. डॉक्युमेंटेशनमध्येच हा मार्ग दिलाय आणि तो चालतो, भाच्याची फाईल लगेच अडकली. पण यादीत एक नाव सैल पडलं की सगळं सैल, कोणी सोयीसाठी बिल्टइन्स (पायथॉनची तयार फंक्शनं) सगळेच आत सोडले की त्यात दिलेला कुठलाही कोड चालवणारं इव्हॅल पण आलं, संपलं. शिवाय क्लासचं नाव बदललं की फाईल उघडेना हा माझा जुना त्रास तसाच. म्हणून नको.

दुसरा विचार सहीचा. फाईलबरोबर एचमॅक (गुप्त चावीने काढलेली खूण) ठेवायचा, उघडण्याआधी तो तपासायचा, जुळला तरच लोड. हे चांगलं आहे, पण चावी पाच लॅपटॉपवर ठेवावी लागणार, म्हणजे अण्णांच्या टेबलाच्या खणासारखी, सगळ्यांना माहीत. आणि सही फक्त एवढंच सांगते की फाईल चावीवाल्याकडून आली, आत काय आहे ते नाही. हा पण बाजूला.

मग राहिलं जेसन, डेटा साध्या मजकुरात लिहायचा फॉरमॅट. त्यात फक्त स्ट्रिंग, आकडे, खरं-खोटं, नल, यादी आणि डिक्शनरी. फंक्शन आण, चालव, असा हुकूम लिहायला जेसनमध्ये जागाच नाही. हा त्याचा गरीबपणा म्हणजेच माझा फायदा. जेसन वाचून जे मिळतं त्याचं पेटी आणि पट्टी मी माझ्या कोडने करणार, फाईल नाही करणार. सगळा बदल खरं तर या एका वाक्यात आहे, बाकी आता लिहितोय ती मजुरी.

पण त्याआधी यॅमल. भाच्याने कोडमध्ये अजून खाली जाऊन बघितलं तर सेटिंगची फाईल यॅमलमध्ये, आणि ती मी यॅमल लोडने उघडत होतो. पाययॅमलच्या (यॅमल वाचणाऱ्या पायथॉन लायब्ररीच्या) जुन्या आवृत्त्यांमध्ये नुसतं लोड म्हटलं की यॅमलमधला पायथॉनचा खास टॅग वापरून फाईल कुठलंही फंक्शन चालवू शकायची, म्हणजे पिकलचाच भाऊ. २०१९ च्या ५.१ पासून ते चेतावणी द्यायला लागले की लोडर कुठला ते सांगा. मला ती चेतावणी आली होती! मी काय केलं, इंटरनेटवर बघून लोडर इज इक्वल टू यॅमल डॉट लोडर असं लिहून तिला गप्प केलं. आणि यॅमल डॉट लोडर हाच तो जुना, सगळं चालवणारा. म्हणजे घरात धूर झाला म्हणून मी डोळे मिटले. ६.० पासून लोडर दिल्याशिवाय लोड चालतच नाही, पण मी दिलेला असल्याने मला तिथेही कोणी अडवलं नाही. करायचं काय होतं, तर सेफ लोड, एक शब्द.

तो शब्द बदलला आणि सुरक्षेचा प्रश्न मिटला. घोळ मात्र नाही मिटला, कारण त्याच फाईलमध्ये एक दुसरं भूत बसलेलं होतं आणि ते सेफ लोडमध्येही तसंच बसतं. आमच्या बागांना तीन आकडी नंबर आहेत, ००१ पासून ०१४ पर्यंत, आणि सेटिंगमध्ये नंबरपुढे बागेचं नाव, इंग्रजी आकड्यांत, अवतरणाशिवाय. पाययॅमल यॅमलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळतं आणि त्या नियमात शून्याने सुरू होणारा, ज्यात शून्य ते सातच आकडे आहेत असा नंबर अष्टमान (दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेला) धरतात. त्यामुळे ००१ ते ००७ झाले १ ते ७, ठीक. ००८ आणि ००९ मध्ये आठ-नऊ आहेत, अष्टमानात बसत नाहीत, म्हणून त्या स्ट्रिंगच राहिल्या. आणि ०१० झाला ८.

मी पहिल्या वर्षीच बघितलं होतं की शून्य गायब होतात. कारण शोधण्याऐवजी मी एक ओळ घातली, जे काय असेल त्याची स्ट्रिंग करा आणि तीन आकडे होईपर्यंत पुढे शून्य लावा. आता हिशेब करा. ०१० चा ८ झाला, त्याला शून्य लावले, ००८. पण ००८ तर आधीच होती, देवळामागची बाग. तिच्या जागी ०१० चं नाव बसलं, खाडीकडची. ०११ जाऊन बसली ००९ वर. ०१२ चा झाला १०, म्हणजे ०१०, त्यामुळे खाडीकडच्या बागेच्या नंबरावर व्हाळाकडची बाग. ०१३ गेली ०११ वर, ०१४ गेली ०१२ वर, आणि तेरा-चौदा नंबरच्या बागा जगातून नाहीशा. पेट्यांचे आकडे बरोबर होते कारण ते नंबरावर जमत होते, नावं फक्त छापील कागदावर येत होती, त्यामुळे एवढे दिवस कोणाला कळलं नाही. अण्णांना मात्र एकदा शंका आली होती, "देवळामागची बाग खाडीकडे कधी गेली रे?" आणि मी म्हटलं होतं टाईप करताना चुकलं असेल. म्हणजे वहिनींवर ढकललं. नंतर माफी मागितली, पायरी आंब्याच्या सहा फोडी जास्त मिळाल्या म्हणजे माफ झालं असावं.

गाडी सुटायची वेळ पण तिथेच होती. १७:३० चं पाययॅमलने १०५० केलं, कारण १.१ मध्ये कोलनवाला आकडा साठमान असतो, सतरा गुणिले साठ अधिक तीस. आणि ०९:१५ मात्र स्ट्रिंग राहिलं कारण ते शून्याने सुरू होतं. सकाळची गाडी नीट, संध्याकाळची गाडी १०५० वाजता. म्हणून सुरक्षित लोड आणि बरोबर लोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी आता कोणालाही सांगत असतो, ऐकणारा असो नसो.

सेटिंग शेवटी टोमल या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेली. पायथॉन ३.११ पासून टोमलिब (ते वाचणारं मॉड्यूल) आतच येतं, त्यात की कायम स्ट्रिंगच असते त्यामुळे ०१० ही ०१० च राहते, आणि किंमत म्हणून शून्याने सुरू होणारा पूर्णांक लिहिला तर ते अंदाज न बांधता सरळ एरर देतं. मला आता असंच आवडतं.

हिशेबाची फाईल जेसनमध्ये नेताना काय काय आडवं आलं ते भराभर सांगतो. आमच्या डिक्शनरीची की टपल होती, जेसनने नाकारली, बरंच झालं, मी सगळं साध्या नोंदींची यादी केलं, प्रत्येक नोंदीत तारीख, बाग, पेट्या, डझन, दलाल. की आकडा असेल तर जेसन त्याची गुपचूप स्ट्रिंग करतं, ते एरर देत नाही म्हणून जास्त वाईट. तारीख जेसनला माहीतच नाही, ती वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग ठेवली आणि वाचताना फ्रॉम आयएसओ फॉरमॅटने परत तारीख. रक्कम फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) होती ती पैशांत मोजून पूर्णांक केली, नाहीतर पट्टीची बेरीज कुठेतरी एका पैशाने लंगडते आणि अण्णा त्या एका पैशासाठी तासभर बसवतात. पायथॉनचं जेसन डिफॉल्टने देवनागरीची यू आणि चार अक्षरं अशी भुतावळ करतं, 'देवगड' हा पाच कोडपॉइंटचा (युनिकोड चिन्हांचा) शब्द तीस अक्षरांचा होतो, तेव्हा ते बंद करायचं सेटिंग, एन्शुअर आस्की फॉल्स. आणि ते केल्याबरोबर विंडोजवर लिहितानाच एरर, कारण तिथे फाईलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर जुनं, देवनागरी न येणारं धरतं, म्हणून दोन्हीकडे यूटीएफ ८ स्पष्ट लिहायचं.

तपासणीचा भाग मात्र मी सावकाश लिहिला. फाईल आली की आधी तिचा आकार बघायचा, पाच एमबीच्या वर असेल तर उघडायचीच नाही, आमचा आख्खा सीझन एक एमबीत बसतो. मग जेसन वाचायचं, त्यात ब्रॅकेटमध्ये ब्रॅकेट असे हजारोंनी भरलेले असतील तर पायथॉनची रिकर्जनची (आत आत फार खोल गेल्याची) एरर येते, ती पकडायची. एकच की दोनदा आली तर पायथॉन न सांगता शेवटची ठेवतं, म्हणून प्रत्येक की-किमतीची जोडी तपासणारा हुक लावून अशी फाईल परत पाठवायची. एनएएन ('आकडाच नाही') आणि इन्फिनिटी (अनंत) हे जेसनच्या नियमात नाहीत पण पायथॉन घेतं, ते बंद केलं. मग आवृत्तीचा नंबर, माहीत नसलेली आवृत्ती असेल तर थांब. मग प्रत्येक नोंद, बाग सेटिंगमध्ये आहे का, तारीख या सीझनची आहे का, पेट्या पूर्णांक आहेत का आणि शून्याच्या वर आहेत का. इथे एक गंमत, पायथॉनमध्ये ट्रू हा पण पूर्णांकच धरला जातो, त्यामुळे 'पेट्या: ट्रू' ही एक पेटी म्हणून आत शिरत होती. आणि प्रोग्रामच्या खिडकीत वहिनी कधी कधी देवनागरी आकडे टाईप करतात, मला वाटलं आता कोड फुटणार, पण पायथॉनच्या इंटला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) देवनागरी १२ आणि इंग्रजी बारा दोन्ही सारखेच चालतात, त्याने मात्र मन जिंकलं.

एक नोंद जरी चुकली तरी आख्खी फाईल जोडायची नाही, आणि कुठली नोंद का चुकली ते मराठीत सांगायचं, हे अण्णांच्या हट्टाने केलं. मी म्हणत होतो चुकीच्या सोडून बाकीच्या घेऊ. ते म्हणाले अर्धी गाडी मोजून भाडं कसं वाटणार. बरोबर होतं.

लाईटचा प्रश्न राहिलाच होता. आता सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने नवी फाईल लिहायची, फ्लश, मग एफसिंक म्हणजे डिस्कवर खरंच पोचल्याची खात्री, आणि मग ओएस रिप्लेसने जुन्याच्या जागी नवी. लाईट कधीही गेली तरी एकतर कालची पूर्ण फाईल असते नाहीतर आजची पूर्ण. त्याच फोल्डरमध्ये कशाला, तर वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर ते नाव बदलणं होतच नाही. हे मी जानेवारीत, मोहोर असताना, मुद्दाम वायर काढून काढून बघितलं, लॅपटॉप अण्णांचा असल्याने ते नसताना.

जुन्या तीन सीझनच्या पिकल फाईली उघडणं भाग होतं. त्यासाठी जुना लॅपटॉप काढला, वायफाय बंद, जुना कोड जुन्या नावांसकट टाकला, आणि ज्या फाईली या प्रोग्रामने याच घरात लिहिल्यात तेवढ्याच उघडून जेसनमध्ये काढल्या. बाहेरून आलेल्या एकीलाही हात लावला नाही, ज्यांच्या त्यांच्याकडून नव्याने मागवल्या. मग बेरजा वहीशी लावल्या. जुळल्या, बागांची नावं सोडून, ती का नाही हे आता माहीत होतं.

राहिली ती 'तुटकी'. ती लोड होत नाहीच, पण पिकलटूल्स नावाचं एक मॉड्यूल असतं, ते फाईल चालवत नाही, नुसते हुकूम एकाखाली एक छापतं. भाच्याने ते लावलं आणि जिथे बॅटरी गेली तिथपर्यंतचं सगळं पडद्यावर आलं. वाचायला त्रास एवढाच की पिकल एक स्ट्रिंग एकदाच लिहितं, पुढे नुसता आठवणीतला नंबर, म्हणजे 'खाडीकडची' एकदा दिसते आणि मग सगळीकडे सतरा, सतरा, सतरा. त्या रात्री मी कागदावर नंबर आणि नावं मांडून बसलो, भाचा वाचत होता, मी लिहीत होतो. आम्ही ज्या दिवसाचं आठवून परत भरलं होतं त्यात दोन नोंदींचे डझन उलटे पडले होते, चार डझनीच्या पाच डझनी केलेल्या, ते या तुटक्या फाईलीतून सापडलं. शेवटच्या गाडीचा भाग मात्र फाईलीत नव्हताच, बॅटरी तिथेच संपली होती. अण्णांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला, त्या गाडीची पट्टी शोधून दिली आणि मी तारीख टाईप करणार एवढ्यात म्हणाले, "ती तारीख घालू नको, पट्टी दोन दिवस मागसून इली."

मी जेसनमध्ये दोन रकाने केले, गाडीची तारीख वेगळी, पट्टीची वेगळी. आवृत्ती तीन.